चावीकाकांचं देखणं पत्रक

चावीकाकांच्या दुकानाला दुकान म्हणणं म्हणजे कपाटाला बंगला म्हणण्यासारखं. काका आत बसले की गिऱ्हाइकानं रस्त्यावरूनच बोलायचं. कानस घासता घासता केस पिकले, हाताला नाव मिळालं. पण बाजाराच्या तोंडाशी दुसरा चावीवाला मशीन घेऊन बसला आणि काकांवर माश्या मारायची पाळी आली.

"अहो, पत्रकं काढा," काकू म्हणाल्या. "पेपरातून घरोघरी टाका. हातात जादू आहे म्हणे! ती काय मला एकटीलाच दाखवत बसणार?"

छापखानेवाला बोलायचा तो नाटकातल्या राजासारखा, हात पसरून. "काका! चित्र हवं, चित्र! नुसती अक्षरं कोण वाचतंय?"

काकांच्या खिशात तेव्हा एक ताजी चावी होती. टाकीजवळच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची, संध्याकाळी पोचवायची. खाचा अशा देखण्या उतरल्या होत्या की काकांनी तीच छापखान्यातल्या स्कॅनरच्या काचेवर ठेवली. पत्रकावर उमटली जशीच्या तशी, आकाराला आकार. काकूंनी वर छापायला बाईंचा अभिप्रायही आणला. तो बाईंनी फळ्यावर सुविचार लिहावा तसा लिहून दिला होता : 'मी टाकीजवळच्या पिवळ्या घरात एकटी राहते. या चावीवाल्यांमुळे रोज संध्याकाळी निर्धास्तपणे फिरायला जाते.'

सकाळी पत्रकं घरोघरी गेली. दुपारपर्यंत गिऱ्हाइकांनी काकांना मान वर करू दिली नाही. काकूंचा चेहरा तर असा, की छापखाना यांच्याच माहेरचा!

ऊन उतरलं तेव्हा एक टोपीवाला आला. तोंडओळखही नाही, पण आवाज लोण्यात बुडवलेला. "काकाऽ, काय सुरेख चावी हो! अगदी अश्शीच एक द्या ना करून." बोट पत्रकावरच्या चित्रावर.

"मूळ चावी आणा," काका म्हणाले.

"हीच की मूळ. लावून तर बघा."

काकांनी एक कोरी चावी सहज चित्रावर ठेवली. कडेला कड लागली. लांबी जुळली, रुंदी जुळली, आणि खाचा समोर मांडलेल्याच होत्या, कानस फिरवायचा अवकाश. काकांनी कोरी चावी झटकन उचलली. चावी, घर, एकटी बाई, वर तिची बाहेर जायची वेळ! पत्रक कसलं, चोराला धाडलेलं आमंत्रण. बाकी कुणाला दिसलं नाही, ठीक. पण काकांना दिसायला नको होतं?

"कानस मोडलीय," ते कसंबसं म्हणाले.

"राहू द्या, राहू द्या. कोपऱ्यावर दुसरे आहेतच." टोपीवाला शीळ घालत बाजाराकडे वळला.

काकांनी नवं लॅच पिशवीत कोंबलं. "अगं, दुकान बघ!"

"अहो, पण ही माणसं थांबलीत..."

काका ऐकायला होते कुठे?

पिवळ्या घरात बाई चपला अडकवतच होत्या. "चावीवाले, ही माझी फिरायची वेळ."

"बाई, आत व्हा. दार लावा, कडी घाला."

"कडी कधीच निखळली. तुमच्या लॅचवर विसंबून होते ना मी!"

काकांनी सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला. "म्हणजे माझ्या घराची चावी तुम्ही गावभर वाटलीत."

"हो बाई."

"आणि पत्ता मी दिला."

काकांनी पिशवी छातीशी धरली.

"मग पुतळ्यासारखे उभे काय? काढा ते स्क्रू!"

एक स्क्रू गंजलेला. काकांनी जोर लावला, पेचकस घसरला, बोट सोललं. जुनं लॅच एकदाचं निघालं आणि दाराला आरपार भोक उरलं. त्यातून काकांना फाटक दिसलं. फाटकात टोपी दिसली.

"आला," काका कुजबुजले.

बाईंनी दाराला खांदा लावला. काकांनी नवं लॅच बसवलं, एक स्क्रू पिळला, दुसरा पिळला. पायरीवर चप्पल वाजली. शेवटचा स्क्रू अर्धा आत होता तेव्हा बाहेरून चावी शिरली.

खट्. वळली नाही. पुन्हा खट्. काकांनी श्वास रोखला.

बाईंनी मात्र घेतला, छाती भरून. "कोण आहे रे तिकडे? अंगठे धर!"

बाहेर धडपड झाली, काहीतरी कोसळलं, फाटक आपटलं. शेजारच्या खिडक्या पटापट उघडल्या. काकांनी दार उघडलं तर कुंडी आडवी, आणि कुलपात नवीकोरी चावी लटकलेली. त्यांनी ती काढून उजेडात धरली. तोंडातून निघालंच, "शी! काय या खाचा!"

मग नव्या चाव्या त्यांनी मुठीत झाकूनच बाईंच्या मुठीत दिल्या. "उरलेली पत्रकं आजच जाळतो, बाई."

"जाळता कशाला? ती चावी आता कुठल्याच दाराची नाही." बाईंनी चपला काढून कोपऱ्यात सारल्या. "माझी फिरायची वेळ तेवढी खोडा. एकूण एक पत्रकावरची. ती इथेच आणून बसा, पेन देते."