तक्रार नसलेलं घर

ऑरिन ब्रेक्के निवृत्त होईपर्यंत काउंटीची बर्फ लोटणारी गाडी चालवत होता. स्वेनडेलमध्ये त्याच्याबद्दल वाईट बोलणारं कोणी सापडणार नाही. यात ऑरिनचं कौतुक नाही. स्वेनडेलमध्ये कोणाबद्दलच वाईट बोलत नाहीत. फारच झालं तर 'त्याचं जरा वेगळं आहे' असं म्हणतात, आणि त्यात दारूपासून दुसऱ्या लग्नापर्यंत सगळं बसतं.

मिनेसोटाच्या या टोकाला प्रकृती, पीक, संसार आणि मरण या चारही गोष्टींना 'तसं बरं आहे' हे एकच उत्तर पुरतं. एका वादळात ऑरिनच्या कोठाराचं छप्पर उडून शेजारच्या तळ्यात जाऊन पडलं होतं. शेजारी समाचाराला आले तेव्हा तो म्हणाला, "आता आत हवा खेळती राहील."

त्याची बायको आर्डिस हिचा सगळा संसार शेतावरच्या घरात लाकडाची शेगडी पेटती ठेवण्यात गेला. पहाटे ओंडके, दुपारी ओंडके, निजताना ओंडके. पुढे तिच्या बोटांची पेरं सुजली, वाकडी झाली, आणि एक दिवस तिला कॉफीच्या कपाचा कान धरता येईना. ती म्हणाली, "बशीतून पिते." आमच्याकडच्या हिशेबाने हा आक्रोश झाला. ऑरिनने शेत विकायला काढलं आणि लग्नानंतरचं पहिलं वचन बायकोला दिलं. "आता लाकूड नाही. गावात घर घेऊ. भिंतीवरची चकती फिरवायची, की घर गरम."

गावातलं घर डेल्मार नाट्विगचं होतं. म्हणजे मुळात ते त्याच्या थोरल्या मावशीचं. नव्वदी उलटल्यावर ती वृद्धांच्या निवासात राहायला गेली आणि घर भाच्याच्या नावावर करून गेली. डेल्मार आणि ऑरिन चर्चमध्ये एकाच बाकावर बसत आलेले. डेल्मार भिंतीकडे, ऑरिन वाटेकडे. प्रार्थना सोडली तर त्यांच्यात फारसं बोलणं झालेलं नव्हतं, त्यामुळे मैत्री घट्ट होती.

घर बघायचं ठरलं ते जुलैत. घर नीटनेटकं होतं. प्रत्येक खोलीत खिडकीखाली चंदेरी रंग दिलेला रेडिएटर, तळघरातल्या बॉयलरच्या गरम पाण्याने तापणारा. ऑरिनने उत्तरेकडच्या मोठ्या खोलीतल्या रेडिएटरवर हात ठेवून पाहिला. गार होता. जुलैतला रेडिएटर गार असायचाच.

"गरम करायची सोय ठीक आहे ना?" ऑरिनने विचारलं. आमच्याकडे ही उलटतपासणी समजतात.

"मावशी जन्मभर इथे राहिली," डेल्मार म्हणाला. "कधी तक्रार नाही."

यावर काय बोलणार? घर घेण्याआधी तपासनीस बोलावतात. तो बॉयलर पेटवून पाहतो, तळघरात बॅटरी घेऊन फिरतो. पण तपासनीस बोलावणं म्हणजे बाकावरच्या शेजाऱ्याला तोंडावर खोटारडा म्हणणं. ऑरिनने बोलावला नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खरं, फक्त आमच्या गावात या बहिणी एकत्र राहतात आणि कुरकुर करत नाहीत.

मग थंडी पडली. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली गरम झाली. उत्तरेकडच्या झोपायच्या दोन्ही खोल्या आणि न्हाणीघर यांनी मात्र बाहेरच्या हवेशी संबंध तोडला नाही. ऑरिनने चकती फिरवली, आणखी फिरवली. पुढे ती शेवटाला जाऊन थांबली. आर्डिसच्या खिडकीतली जांभळी फुलझाडं एका रात्रीत काळी पडली. उशाशी ठेवलेल्या पेल्यातलं पाणी सकाळी हललं नाही.

ऑरिन तळघरात उतरला. काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांचं फडताळ बाजूला ओढल्यावर त्याला उत्तरेकडच्या रेडिएटरना गरम पाणी नेणारे दोन्ही नळ दिसले. कापलेले, आणि तोंडाला टोपणं बसवलेली. वरचे तीन रेडिएटर कशालाच जोडलेले नव्हते. कुठल्याच बाजूचे नसताना लग्नात पहिल्या रांगेत बसलेल्या पाहुण्यांसारखे ते ऐटीत उभे होते.

नवीन नळ टाकायचे तर उत्तरेकडच्या खोल्यांची जमीन उखडायला लागणार. शेताचे पैसे घरात गेलेले. दोघांनी बिछाना बैठकीच्या खोलीत आणला, पण न्हाणीघर काही आणता येईना. आर्डिसची बोटं मिटायची ती उघडायची नाहीत. नाताळ झाल्यावर तिने बॅग भरली.

"फार्गोला जाते, बहिणीकडे."

"किती दिवस?"

"बघू. लाकडाची शेगडी बरी होती, असं मी म्हणणार नाही."

ती म्हणाली नाही, पण ऑरिनने ऐकलं. बहिणीशी तिचं एक जेवणभरही पटत नसे.

यानंतर ऑरिन झोपायला तळ्यावर जाऊ लागला. हिवाळ्यात आमच्याकडचे पुरुष गोठलेल्या तळ्यावर लाकडी खोपटं ओढत नेतात, बर्फाला भोक पाडतात आणि मासे धरायच्या नावाखाली गप्प बसतात. घरीही ते गप्पच असतात, तळ्यावर त्याला छंद म्हणतात. ऑरिनच्या खोपटात एक चिमुकली शेगडी होती. गरम व्हायला घर सोडून बर्फावर जाणारा माणूस पाहून लोकांनी ओळखलं, की ऑरिनचं जरा वेगळं आहे.

चर्चनंतरच्या कॉफीच्या वेळी त्याने डेल्मारजवळ विषय काढला. पुढे हे संभाषण त्याला जोलीनसमोर शब्दशः सांगावं लागलं. जोलीन म्हणजे त्याच्या मुलीची शाळासोबतीण, वकिली शिकून गावी परतलेली. परगावी राहून आल्यामुळे ती सरळ प्रश्न विचारायची, आणि लोक तिला त्याबद्दल माफ करायचे.

"तुम्ही डेल्मारला सांगितलंत का, ऑरिन?"

"सुचवलं."

"काय सुचवलंत?"

"म्हटलं, उत्तरेकडे जरा गार वाटतं."

"मग?"

"तो म्हणाला, जानेवारी आहे."

"आणि तुम्ही?"

"म्हटलं, तेही खरंच."

जोलीनने कपाळाला हात लावला. "आणि तपासनीस का नाही बोलावलात?"

"डेल्मारला काय वाटलं असतं?"

"आणि तुम्ही गारठून मेला असतात तर?"

"मग त्याला फारच वाईट वाटलं असतं."

जोलीनने त्याला कायदा समजावला. घरात मोठा दोष असेल आणि विकणाऱ्याला तो ठाऊक असेल, तर त्याने आपण होऊन सांगायला हवा. घेणाऱ्याने नीट विचारलं नाही, ही सबब चालत नाही. खरेदीनंतर दोन वर्षांच्या आत दावा लावता येतो. "दोष आहे, हे नळच सांगतील," ती म्हणाली. "पण डेल्मारला ते आधीपासून ठाऊक होतं, हे तुम्ही दाखवायचं. सगळं गाडं तिथेच अडणार आहे."

"नळ त्याच्या मावशीच्या यजमानांनी कापले. एकदा गोठून फुटले होते म्हणे. ते वारले."

"म्हणजे डेल्मार म्हणणार, मला काय माहीत. अजून एक. लहान दाव्यांच्या कोर्टात वकील उभा राहत नाही. आपलं आपण बोलायचं."

ऑरिनचा चेहरा पडला. खटला हरण्यापेक्षा ही बातमी वाईट होती.

"ऑरिन, न्यायाधीशबाईंनी घर कसं होतं विचारलं, की काय म्हणाल?"

"तसं बरं आहे."

"देवा! पुन्हा."

तिने दाव्याचे कागद भरले आणि त्याच्याकडून आठवडाभर 'घर थंड होतं' हे वाक्य घोकून घेतलं. स्वयंपाकघरात तिच्यासमोर त्याला ते जमूही लागलं होतं.

सुनावणीला अख्खं स्वेनडेल आलं. भांडण बघायला नव्हे. दोघांपैकी कोणालाही एकटं वाटू नये म्हणून अर्धे डावीकडे आणि अर्धे उजवीकडे बसले. डेल्मारने साक्षीला थोरल्या मावशीला आणलं होतं. चिमणीएवढी म्हातारी, कोर्टात बॉयलर धडधडत असताना अंगात पिसांनी भरलेला घोट्यापर्यंतचा कोट.

न्यायाधीशबाई दुसऱ्या काउंटीतल्या, गाईंच्या गोठ्यावर वाढलेल्या. त्यांनी ऑरिनला उभं केलं.

"ब्रेक्के, घर थंड होतं का?"

ऑरिनने जोलीनकडे पाहिलं. मग त्याची नजर डेल्मारवर गेली, आणि आठवडाभराची मेहनत पाण्यात गेली. "थंड असं मी म्हणणार नाही."

"मग काय म्हणाल?"

"मोकळं वाटायचं."

"तुमच्या पत्नी कुठे आहेत?"

"फार्गोला. बहिणीकडे."

"का?"

"दोघींचं छान जमतं." डावीकडे आणि उजवीकडे दोन-चार जण खोकले.

"आणि तुम्ही झोपता कुठे?"

"तळ्यावर."

"तळ्याकाठी?"

"नाही. वर."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी डेल्मारला बोलावलं. डेल्मार सभ्यपणे उभा राहिला.

"मॅडम, नळांचं मला काही ठाऊक नाही. मावशी जन्मभर त्या घरात राहिली, तिच्या तोंडून तक्रारीचा ब्र नाही. घर थंड असतं तर ती बोलली नसती का?"

हे ऐकून अख्खं स्वेनडेल आपापल्या बुटांकडे बघू लागलं. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, पण विचारलं कोणी नव्हतं.

मग थोरली मावशी उठली. कोणी हात द्यायला गेलं, तर तिने तो परत केला.

"आजी, तुम्ही भाच्याकडे घराबद्दल कधी तक्रार केलीत?"

"नाही हो! त्याला कशाला त्रास?"

ऑरिनने डोळे मिटले. जोलीनने पर्स आवरायला घेतली.

"आणि तक्रार करायला होतं काय?" म्हातारीला आता हुरूप आला. "सोन्यासारखा भाचा माझा. न सांगता सगळं करायचा."

"काय करायचा?"

"नाताळच्या भेटी, मॅडम. आधी लोकरीचं अस्तर लावलेले मोजे दिले. मग विजेवरची रजई. मग हा कोट. म्हणाला, मावशी, उत्तरेच्या खोलीत झोपताना हा घालत जा."

"झोपताना कोट?"

"आणि टोपी. टोपी त्याच्या आधीच्या वर्षी दिलेली. आणि शेवटच्या नाताळला ती पिशवी. काय रे डेल्मार, शिकारीला घेऊन जातात ती?"

डेल्मारने कॉलर सैल केली.

"आत शिरून झोपायची पिशवी हो. वर उत्तर ध्रुवाचं चित्र होतं. इतका जीव लावणारी पोरं आता मिळत नाहीत, मॅडम. तुम्ही त्याच्यावर रागवू नका."

न्यायाधीशबाई वळल्या.

"नाट्विग, तुम्ही शपथ घेतली आहे. पिशवी कशासाठी दिलीत?"

आमच्याकडे माणूस गप्प राहतो, खोटं बोलत नाही. गप्प राहायची सोय संपली, की त्याच्याकडे दुसरं काही उरत नाही.

"रात्री तिथे जरा गार असायचं," डेल्मार म्हणाला.

"किती गार?"

"पिशवीवर लिहिलं होतं तितकं."

"हे ब्रेक्केंना सांगितलं होतंत?"

"नाही, मॅडम."

थोरल्या मावशीने त्याची बाही ओढली. "माझं काही चुकलं का रे?"

"नाही, मावशी. तू बरोबरच बोललीस."

बाईंनी निकाल तिथेच दिला. नळांचा आणि जमिनीचा खर्च डेल्मारने करायचा. डेल्मारने मान डोलावली, आणि मला वाटतं त्याला जरा हलकंही वाटलं असावं. इतक्या भेटवस्तू शोधून शोधून माणूस थकतो.

बाहेर पायरीवर दोघे एकमेकांसमोर आले.

"मला वाटलं, तू विचारशील," डेल्मार म्हणाला.

"मला वाटलं, तू सांगशील," ऑरिन म्हणाला.

दोघांनी काही वेळ बुटांवरचा नसलेला बर्फ झटकला.

"नळवाला कधी पाठवू?"

"केव्हाही. घाई नाही."

"घाई आहे!" जोलीन मागून ओरडली. "उद्या सकाळी!"

नळवाला आला, जमीन उखडली, जमीन परत बसली. आर्डिस फार्गोहून आली तेव्हा बाहेर अजून गुडघाभर बर्फ होता. तिने बॅग दारातच ठेवली आणि थेट उत्तरेकडच्या खोलीत गेली. वाकडी बोटं रेडिएटरवर ठेवली आणि बराच वेळ तशीच राहू दिली. ऑरिन चौकटीत उभा.

"बहीण कशी आहे?" त्याने विचारलं.

"आता मी तिकडे जाणार नाही," आर्डिस म्हणाली. आमच्याकडे याला प्रेमपत्र म्हणतात.

पुढच्या रविवारी तिने थोरल्या मावशीला कॉफीला बोलावलं. डेल्मारच तिला गाडीतून घेऊन आला. न बोलावून चाललंच नसतं आणि न येऊनही. मावशीला आपली खोली बघायची होती, म्हणून तिथेच चार खुर्च्या टाकल्या. म्हातारी कोटासकट बसली, बशीत बिस्किट बुडवत राहिली. रेडिएटर मध्येच टकटक करायचा, की ती त्याच्याकडे वळून पाहायची. त्याला आवाज आहे, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

"हे असं असायला हवं होतं का?" तिने विचारलं. "मला वाटायचं, झोपायच्या खोल्या अशाच असतात."

डेल्मार कपाचा तळ पाहत होता. म्हातारीचा चेहरा लाल होत चालला होता. तिने कप खाली ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"रागावू नका हं. पण मला जरा उकडतंय."

खोलीत सगळे थिजले. नव्वद वर्षांत तिच्या तोंडून अशी गोष्ट कोणी ऐकली नव्हती. डेल्मार तर ताडकन उठला आणि खिडकीकडे धावला.

"बस खाली, डेल्मार," आर्डिस म्हणाली. "खिडकी उघडायची नाही." मग ती थोरल्या मावशीसमोर वाकली आणि आपल्या वाकड्या बोटांनी तिच्या कोटाचं पहिलं बटण काढू लागली.