वाफसा आणलेली बांधी

वणीला उतरले तेव्हा कोळशाच्या ट्रकांनी चौक अडवला होता. आखणी चोख असूनही पुढची बस हुकली. शेवटी ऑटोने मावसबहीण शोभाचं गाव गाठलं.

लग्नानंतर शोभाने भंडाऱ्याहून, माहेरून, बारीक, वासाच्या धानाचं बी आणलं होतं. कापसाच्या या मुलखात तलावाखालची एकच बांधी (पाणी अडवून धान लावायचं वावर) ती दरवर्षी राखते. माहेरी ते बी कुणाकडेच उरलेलं नाही. आमच्या भावाला ते पुन्हा लावायचं होतं. न्यायला मी आले होते.

जेवणात भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. भात नव्हता. तिथेच मला शंका आली.

बांधीत धान खुरटलेलं, लोंब्या पोचट.

"रोग पडला?"

"रोग नाही, नवरा!" शोभा म्हणाली. "मी पोरीच्या बाळंतपणाले गेलती, तं ह्याइनं धुरा फोडला." तिने फुटलेल्या बांधाकडे बोट दाखवलं.

"मुळ्या सडतीन वाटलं, ताई," भाऊजी म्हणाले. "पऱ्हाटीत पाणी साचलं तं आमी चारी काढतोच. वाफसा येऊ देला, युरिया टाकला, काही दिसांनी पुन्हा पाणी भरलं. चुकलं काय?"

वाफसा म्हणजे जमीन कामाजोगी सुकणं. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, तो हवाच, धानाला नको. पाण्याखालच्या चिखलात हवा नसते, म्हणून युरियातला नत्र अमोनियमच्या रूपात मातीला धरून राहतो आणि मुळं तो तसाच घेतात. माती सुकली की हवा शिरते, त्या अमोनियमचं नायट्रेट होतं. पुन्हा पाणी भरलं की त्यातलं बरंच वायू होऊन उडून जातं. मी हे सांगितलं.

"म्हंजे खत हवेत गेलं?" भाऊजी धुऱ्यावर बसले. "अन् मी रोज येऊन पाहून राह्यलो, का आता हिरवं होईन, मंग होईन."

खोलगट कोपऱ्यातलं पाणी तेवढं निघालं नव्हतं. तिथे खाटेएवढ्या जागेत लोंब्या भरून वाकल्या होत्या. शोभाने त्या कापल्या.

"अर्धं तू ने," ती म्हणाली.

"सगळंच दे ताईले," भाऊजी म्हणाले. "इथं मी हाये ना, धुरा फोडणारा."

शोभा नको म्हणेल म्हणून मी थांबले. तिने सगळ्याचं गाठोडं बांधलं.

परतीच्या बसमधून दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस दिसत होता. चाऱ्या इतक्या नेटक्या काढलेल्या की कुठेच थेंब साचू नये. गाठोडं मांडीवर होतं. पुढच्या पावसाळ्यात शोभाच्या बांधीत काय लावणार, हे मी विचारलंच नाही.