नीमाला न दिलेली पासोडी

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. बायको होती तेव्हा तिच्यापुढं नाही, ती गेल्यावर तिच्या फोटोपुढंही नाही. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही कन्नड. मराठी घरात बोलून शिकलेली. लिहिण्यात चुका होतील त्या होऊ द्या. मला सांगायची चूक वेगळीच आहे.

आधी पोरीचं सांगतो. नजरबाद भागात आमच्या घरावर एक खोली आहे, ती भाड्यानं देतो. गावातल्याच गोकुलम भागात योगासनं शिकायला गोरे लोक येतात, त्यांना असली खोली चालत नाही. ही पोरगी आली आफ्रिकेतून, टांझानियाहून, औषधांचं शिक्षण घ्यायला. नाव नीमा. आमची ही म्हणाली, "अय्या, हे तर आपल्यातलंच नाव." झालं. तेवढ्यावर खोली दिली. मला विचारलं नाही. मी नको म्हटलं असतं — का ते पुढं येईलच.

तुम्हाला वाटेल, म्हातारा वाढवून सांगतो. पण अशी पोरगी मी दुसरी बघितली नाही. हिचं दुखणं वाढलं, अंथरुणाला खिळली, तेव्हा सकाळी परीक्षा असली तरी नीमा आधी खाली येऊन हिचे केस विंचरायची, तोंड पुसायची, मग पळत जायची. कुणी सांगितलं होतं? आम्हाला मूलबाळ नाही. नात्यातली माणसं याच गावात आहेत, ती संत्री घेऊन येत आणि बसून जात. अंथरुणातलं बेडपॅन बदलायला नीमाच. पॅन धुताना नाकाला रुमाल नाही की तोंड वाकडं नाही. उलट गुणगुणायची काहीतरी तिच्या भाषेतलं.

आणि हिच्याशी बोलायची कशात? थोडी कन्नड, थोडी मराठी, बाकी हात. मला अज्जा म्हणायची. मी नीट उत्तर द्यायचो नाही. हूं म्हणायचो.

आमची जात रंगाऱ्यांची. माझ्या बापापर्यंत घरात कापड रंगवणं, लाकडी ठशांनी छापणं चालायचं. माझ्या हयातीत ते बसलं, मी शिलाईचं दुकान घातलं. त्या धंद्यातली एकच वस्तू घरात उरली होती. पासोडी. म्हणजे दोन जाड कापडं एकाला एक जोडून केलेलं पांघरूण, मंजिष्ठेच्या मुळीच्या लाल रंगात कोयऱ्या छापलेल्या. ही लग्न होऊन आली त्या वर्षी हिनं स्वतःच्या हातानं छापलेली. शेवटच्या ओळीत एक ठसा उलटा पडला, एक कोयरी डोक्यावर उभी राहिली. माझ्या बापानं शिव्या घातल्या. गिऱ्हाईकानं ती घेतली नाही, म्हणून आमच्याकडं राहिली. हिला त्या चुकीचं भारी कौतुक. नीमाला शंभर वेळा सांगून झालं होतं — माझी उलटी कोयरी, माझी उलटी कोयरी.

दिवाळी आली. कॉलेजातली पोरं आपापल्या गावी गेली. नीमा कुठं जाणार? विमानाचं तिकीट झेपणारं नव्हतं. ही मला म्हणाली, "पोरगी सणाला एकटी वर बसणार, हे मला बघवायचं नाही. पाडव्याला ती तुम्हाला ओवाळंल. तिला काय देता?"

मी म्हटलं, "देऊ एखादा ड्रेस."

"ड्रेस बाजारात मिळतो. माझी पासोडी द्या. तिला इथली थंडी सोसत नाही, बघत नाही का तुम्ही? दोन स्वेटर घालून झोपते."

मी हो म्हटलं. मेलेल्या आवाजात म्हटलं असेल, पण हो म्हटलं.

आता इथं मला कारण सांगता येईल. ही जाणार हे दिसत होतं, मागं हिच्या हातचं काहीतरी मला हवं होतं — असं सांगितलं तर तुम्ही मान हलवाल. ते खरंही आहे. पण पुरतं खरं नाही. माझ्या मनात काय आलं ते तसंच सांगतो: परकी पोरगी, काळी, उद्या विमानात बसून जाणार. तिला काय कळतंय? तिला कुठलंही लाल कापड दिलं तरी सारखंच. असं आलं मनात. तिनं हिची घाण काढली त्याच दिवसांत आलं.

मी बाजारातून दोन चादरी आणल्या, मशीनवर छापलेल्या, कोयरीच्याच. दुकानात बसून एकाला एक शिवल्या. नवेपणा जावा म्हणून हिरड्याच्या पाण्यात भिजवल्या, उन्हात टाकल्या, पुन्हा भिजवल्या. बापानं शिकवलेली विद्या आयुष्यात कधी वापरली नव्हती. वापरली ती अशी. जुनी पासोडी दुकानातल्या कपाटात, चिंध्यांच्या गाठोड्याखाली ठेवली. हिची नजर तोवर गेल्यासारखीच होती, पलंगावरून हिला लाल तेवढं दिसणार. सगळा विचार केला होता मी. एक कोयरी मात्र विसरलो. रंगाऱ्याच्या पोरानं विसरावी?

पाडव्याला नीमा साडी नेसून आली. हिचीच साडी, नेसवताना दोघी किती हसल्या. तिनं मला पाटावर बसवून ओवाळलं, हिनं पलंगावरून सांगितलं तसं. मी पासोडी तिच्या हातात ठेवली. तिनं उलगडली. बोटं थेट शेवटच्या ओळीकडं गेली. एक-एक कोयरी मोजल्यासारखी हात फिरवत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग कापड उलटं करून दुसरी बाजू बघितली. मग माझ्याकडं बघितलं.

रागानं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिनं नुसतं बघितलं, आणि तिला कळलं.

पलंगावरून हिनं विचारलं, "सापडली का गं माझी उलटी कोयरी?"

काय बोलणार होती ती? नाही म्हणाली असती तर मी तिथंच उघडा पडलो असतो. पडायलाच पाहिजे होतं.

"सापडली, अज्जी," ती म्हणाली. "शेवटच्या ओळीत. डोक्यावर उभी आहे."

ही इतकी हसली की खोकला आला. म्हणाली, "ह्यांचा बाप त्या दिवशी जेवला नाही बघ." नीमानं पाणी पाजलं, पाठ चोळली, घडी करून ती खोटी पासोडी कपाळाला लावली आणि माझ्या पाया पडली. आपल्यातल्या पोरी पडतात तशी.

तेवीस वर्षांची असेल. एका मरणाऱ्या बाईचा आनंद राखायला खोटं बोलली, आणि ते खोटं माझं होतं. मी सत्तरीचा, पाटावर बसून मी तिचा नमस्कार घेतला. मोठं माणूस वयानं होत नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं. कळून काय केलं? काही नाही.

ही संक्रांतीच्या आधी गेली. "पोरीला पासोडी दिली, बरं झालं," असं जायच्या आधी दोनदा म्हणाली. मी दोन्ही वेळा हूं म्हटलं.

नीमा अजून दीड वर्ष वर राहिली. रविवारी माझ्यासाठी सांबार करून आणायची, आमच्या हिच्यासारखं, थोडा गूळ घालून. पासोडीचा शब्द काढला नाही. मी रोज ठरवायचो, उद्या खरी काढून देतो. ती आपल्या देशी निघाली त्या सकाळी बॅग रिक्षात मीच ठेवली. चेन नीट लागत नव्हती, आत माझ्या शिलाईची लाल कड दिसली. ती बाजारची चादर ती बरोबर नेत होती, तिच्या आईकडं. रिक्षा घरापुढंच उभी होती, दुकान समोरच, किल्ली माझ्या खिशात. रिक्षावाल्याला दोन मिनिटं थांब म्हटलं असतं तर तो थांबला असता.

मी म्हटलं, "नीट जा."

"येते, अज्जा," ती म्हणाली.

पासोडी आता दुकानात नाही, घरात आहे. थंडी पडली की मी अंगावर घेतो. चांगली ऊब देते.