शेजारचा अँटेना

काल जळगावच्या घरी गच्चीवर पापड वाळत घालताना शेजारच्यांच्या अँटेनाच्या गंजक्या पाइपाला हात लागला, आणि नव्वदच्या दशकातला एक रविवार आठवला.

शेजारच्या शोभाला तिच्या मामाने व्हिडिओ गेम आणला होता. "तुझे हात घामट आहेत," म्हणत ती मला रिमोटला हातही लावू देत नसे. मग मी गल्लीभर सांगत सुटले, गेम म्हणजे निव्वळ वेडेपणा, खरी मजा मालिकेत. आतून मात्र नुसती जळत होते.

त्या सकाळी मी गुपचूप त्यांचा अँटेना फिरवून टाकला. आता खेळ म्हणावं!

थोड्या वेळाने शोभाची आजी, अक्का, आमच्या दारात उभ्या. "पोरी, आमना टीव्हीवर बठ्ठ्या मुंग्याच दिखतस. तुमना घर मालिका देखू दे." पडद्यासमोर बसल्या आणि खुलल्या. "कसं साफ दिखस! तुमना टीव्हीले कोनी नजर नको लागो."

मी मान खाली घातली. भिंतीपलीकडे शोभाचा गेम मजेत टुंग-टुंग वाजत होता. गेमला अँटेना लागतच नाही, हे मला तेव्हा कळलं.

आजही मी गेमला नावंच ठेवते. एकदाही खेळलेले नाही.