शिडी धरणारी

शाळेच्या सभागृहाला नवे पडदे लागले, त्या दिवशी सगळ्यांच्या माना वर होत्या. शिडीच्या टोकावर एक धिप्पाड बाई मनगटात कड्या अडकवून दांडी बसवत होती आणि मुलं शिक्षकांसकट तिच्याकडे आ वासून बघत होती. खाली, शिडीला दोन्ही हातांनी कवटाळून आणि खालच्या पायरीवर पाऊल दाबून आणखी एक बाई उभी आहे, हे लक्षात आलं ते आवाजामुळे. वरून अधूनमधून प्रश्न यायचा, "धरलंस?" आणि खालून उत्तर जायचं, "धरलंय, चढ." उत्तर देणारी एकदाही वर बघत नव्हती. तिचे डोळे घट्ट मिटलेले होते.

मधल्या सुट्टीपर्यंत मुलांनी दोघींना नावं देऊन टाकली, वरची आणि खालची. पुढं गिऱ्हाइकंही तसंच म्हणू लागली.

दोघी सख्ख्या बहिणी. खाली पडद्यांचं दुकान, मागच्या बाजूला शिवणयंत्र आणि कापडाचे तागे, माडीवर राहायच्या दोन खोल्या. मापं घेणं, कापणं, चुण्या घालणं हे धाकटीचं, म्हणजे खालचीचं काम. गिऱ्हाइकाशी बोलणं आणि चढणं थोरलीचं. खालचीला उंचीची भीती, आणि तीही साधीसुधी नव्हे. गच्चीवर कपडे वाळत घालायचे तरी ती कठड्याकडे पाठ करून घालायची.

मग वरचीचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, शिडी विसरा. एक माणूस ठेवून पाहिला, तो पांढऱ्या कापडावरून चिखलाच्या पायांनी फिरला. दुसऱ्यानं दांडी इतकी तिरकी बसवली, की पडदा उघडायला हात लावायची गरजच उरली नाही. वरचीनं दोघांनाही घालवून दिलं आणि सांगून टाकलं, "हातातली कामं संपली की दुकान बंद. मला चढवत नाही, तुला चढता येत नाही. झालं."

त्या दुकानाबाहेर खालचीचं काहीच नव्हतं. तिनं शिडीवर चढून पाहिलं. तिसऱ्या पायरीवर पाय लटपटू लागायचे आणि बाजूला नुसत्या उभ्या असलेल्या ताईचा जीव वरखाली व्हायचा, "उतर गं, उतर! राहू दे!" की ही उतरायची. मुकाट्यानं, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखी. असं बरेचदा झाल्यावर तिच्या मनानं घेतलं, की 'उतर' म्हणायला कुणी नसेल अशा जागी गेल्याशिवाय आपण चढणार नाही.

अशी जागा तिला एका गिऱ्हाइकाकडून कळली. पोस्टातला एक कारकून दरवर्षी डोंगरात पायी हिंडायचा. त्याच्या खिडक्यांची मापं घेताना त्यानं एका वाटेचं वर्णन केलं होतं. तीन दिवसांची चाल, मुक्कामाला दोन दगडी खोल्या, आणि मधे कड्याला ठोकलेली एक लोखंडी शिडी.

"शिडी चढवेना आणि बया डोंगर चढायला निघाली!" वरचीनं कपाळावर हात मारला. "तेही एकटी! आरशात बघून दचकतेस तू."

"म्हणूनच एकटी."

"आणि तिथं तुला धरणार कोण?"

खालची सॅक भरत राहिली. पडद्यांच्या धंद्यात खिडकी जेवढी रुंद, त्याच्या दुप्पट कापड घ्यावं लागतं, नाहीतर चुण्या पडत नाहीत. जन्मभर हेच गणित केलेल्या बाईनं सामानही त्याच हिशेबानं घेतलं. बिस्किटं दुप्पट, पाणी दुप्पट, मोजे, विजेऱ्या, दोरी, सगळं दुप्पट. सॅक कारकुनाचीच होती. त्यानं ती उचलून पाहिली आणि लगेच खाली ठेवली. "बाई, तिकडं संसार थाटणार आहात का?"

तिनं एक वस्तू कमी केली नाही.

पहिल्या दिवशी ती सारखी मागं वळून बघत होती. कुणीतरी मागून येतंय, पावलागणिक डुचमळतंय. बऱ्याच वेळानं कळलं, की ते तिच्याच पाठीवरच्या बाटल्यांतलं पाणी आहे. कळूनही ती वळायची थांबली नाही. वाटेतली दगडगोट्यांची चढण तिनं हातापायांवर पार केली. पायाखालून निसटलेला दगड खाली जाताना किती वेळ वाजत राहतो, ते तिला ऐकायचं नव्हतं, पण कान तिकडंच होते. मुक्कामाच्या खोलीत चिटपाखरू नव्हतं आणि दाराला कडी नव्हती. तिनं सॅक दाराला लावली आणि ती इतकी जड आहे याचं पहिल्यांदाच बरं वाटलं. भिंतीला पाठ टेकून ती उजाडेपर्यंत दाराकडे बघत बसली.

सकाळी धुकं होतं. वाट अरुंद, एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला काहीच नाही. ती कड्याकडे तोंड करून, खेकड्यासारखी आडवी चालली. घशाला कोरड पडली होती, पण बाटली काढायला हात सोडवेना. आणि मग ती शिडी आली. खालच्या काही पायऱ्या दिसत होत्या, बाकीची धुक्यात गेली होती.

मागं फिरावं, तर कालची ती दगडगोट्यांची चढण आता उतरावी लागणार. मग जे येत होतं ते तिनं केलं. शिडी दोन्ही हातांनी धरली, खालच्या पायरीवर पाऊल दाबलं आणि डोळे मिटले. हत्ती चढला तरी हलली नसती अशी, कड्यात ठोकलेली ती शिडी. बोटं गारठून बधिर झाली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आपण कुणीतरी चढायची वाट बघत उभ्या आहोत.

ती चढू लागली. चार पायऱ्यांवर सॅकनं तिला मागं ओढलं, एक हात सुटला, गुडघा लोखंडावर आपटला. ती कशीबशी खाली आली आणि दगडावर बसून राहिली. 'उतर' कुणीही म्हटलं नव्हतं. तरी ती उतरली होती. आता ताईच्या माथी मारायलाही काही उरलं नव्हतं, आणि याची तिला धुक्याहून जास्त भीती वाटली.

शेवटी तिनं सॅक पाठीवरून काढली. दोरीचं एक टोक सॅकला बांधलं, दुसरं कमरेला, आणि पुन्हा पाय टाकला. डोळे मिटायची सोय नव्हती, पायरी शोधायची होती. जमीन धुक्यात गेली आणि वरचं टोक अजून दिसेना, तिथं तिचे पाय थिजले. वर होईनात, खाली होईनात. दात वाजत होते. त्या वाजत्या दातांमधून आवाज आला, "धरलंय, चढ."

तिचाच होता. शिडीपाशी बोलायचं दुसरं वाक्य तिला कुठं माहीत होतं? तिनं एक पाय वर घेतला. पुन्हा म्हणाली. पुन्हा घेतला.

माथ्यावर ती पोटावर सरपटत गेली आणि कड्यापासून चांगली लांब जाऊन आडवी पडली. नंतर, ताई दांडी वर ओढून घ्यायची तशी तिनं सॅक ओढून घेतली. दुप्पट घेतली होती म्हणून दोरी पुरली. भीती मात्र गेली नाही. त्या संध्याकाळीही तिनं दाराला सॅक लावली, आणि तिसऱ्या दिवशीची उतरण ती बहुतेक बसूनच उतरली.

वरची दुकानाच्या दारात उभी होती. "आलीस? हातपाय सगळे आणलेस ना?"

"आणले."

"गेली का भीती?"

"नाही."

"मग कशाला गं मरायला गेली होतीस?"

खालचीनं सॅक उतरवली, कोपऱ्यातली शिडी आणून भिंतीला लावली आणि म्हणाली, "धर."

वरचीनं उभ्या जन्मात शिडी धरली नव्हती. कुठं धरायची हेसुद्धा धाकटीनं दाखवलं. तिसऱ्या पायरीवर पाय लटपटू लागले. वरचीनं तोंड उघडलं.

"ताई, एक शब्द बोलू नकोस. धरलंस?"

"धरलंय," वरची म्हणाली, आणि खालच्या पायरीवर पाऊल दाबून, "चढ."

दुकान अजून चालू आहे. उंचावरचं काम खालची करते. पाय अजून लटपटतात. वरची खाली स्टुलावर बसून शिडी धरते.