अंधारातला डोअरकीपर

घाटकोपरच्या एका थिएटरात तो डोअरकीपर होता. आम्ही कॉलेजच्या मुली मॅटिनीला जायचो, तेव्हा तिकीट फाडताना तो आमच्याकडे मान वर करूनही बघायचा नाही. ट्रेलर सुरू झाले की मात्र पडद्याकडे पाठ करून दाराशी उभा राहायचा आणि नुसत्या आवाजावरून पिक्चर कसला ते पुटपुटायचा. घोड्यांच्या टापा आल्या की "डाकूचो", जत्रेतला गलका आला की "आता दोन भाव हरवतले", दार करकरलं की "हो भुताचो." त्याचा मालवणी हेल ऐकून आम्हाला हसू यायचं.

एकदा आम्ही दाराजवळच बसलो असताना असाच भुताचा ट्रेलर लागला. ओसाड बंगला, मेणबत्ती, मग एकदम शांतता. पुढे काय येणार ते सगळ्यांना ठाऊक होतं, तरी पांढराफटक चेहरा पडदाभर आला तेव्हा अख्खं थिएटर किंचाळलं. नेमका त्याच वेळी मागच्या सीटवरून एक हात माझ्या मानेवर आला आणि खाली सरकू लागला. माझ्या तोंडून आवाजच फुटेना. शेजारी मैत्रीण डोळे घट्ट मिटून किंचाळत होती.

तेवढ्यात बॅटरीचा झोत माझ्या डोक्यावरून मागच्या माणसाच्या तोंडावर पडला.

"ऊठ रे! भायर चल!" डोअरकीपरने त्याची कॉलर धरली आणि त्याला ओढत बाहेर नेलं.

तो परत आला तेव्हा मी विचारलं, "काका, तुम्हाला कसं कळलं?"

"सगळी बोंबालली," तो हळूच म्हणाला. "तू एकटीच गप होतंस गो."