एक जाळं, दोन भिंगं

माही लहानी पोट्टी लग्नाची झाली तवा घरी मी, ती, एक बकरी आन् एक जाळं, एवढंच होतं. तिचा बाप तापानं गेल्ता. मी धानाच्या रोवण्याले जाऊ, उन्हाळ्यात तलावात मासोळ्या धरू, बाजारच्या दिवशी टोपली घेऊन मुलचेऱ्याले जाऊ. कधी भात, कधी नुसती आंबील. त्यात सांगण्यासारखं काई नाई, साऱ्याइचंच तसं होतं.

पन एक सोयरीक मोडली, ते लागलं. पाव्हणे आले, कुडाची भित पाह्यली, वरचं सडलेलं गवत पाह्यलं आन् निंगून गेले. पोट्टीकडं कोनं पाह्यलंच नाई. दुसऱ्या वक्ती मी ठरवलं, आधी पोट्टीचा फोटो जाईन, घर मंग दिसन.

तवाच शाळेतल्या मास्तरचा साळा सुट्टीत आला. चंद्रपुराले त्याचं फोटोचं दुकान होतं. त्यानं कॅमेऱ्याचं नवीन भिंग घेतलं होतं, आन् जुनंही संग होतं. दोन दिवस तो गावातले घरं पाहत फिरला आन् माह्या अंगणात थांबला.

"बाई, तुमचं अंगण पाहिजे."

"काऊन?"

"दोनी भिंगं ताडून पाहाचे हायेत. समोरचा मानूस साफ येते, मांगचं पुसून जाते. कोणतं भिंग कसं पुसते, ते पसारा असला का समजते. आख्खं गाव फिरलो, असा पसारा कुठीच नाई."

गावात माहा पहिला नंबर आला, तो असा.

मी इचारलं, "घर पुसून जाते?"

"पुसून जाते."

"मंग माह्या पोट्टीले उभी करा, भाऊ."

त्यानं पोट्टीले पुढं उभी केली. मांगं दहा कदमावर बांबूची ताटी, तिच्यावर दुधीचा वेल, वाळत घातलेलं जाळं, लाकडाचा ढीग, बकरी. फोटो निंगून राह्यला म्हनून शेजारपाजार केस विंचरून ताटीपाशी येऊन उभा.

तो म्हने, "उभे राहा, पन कोनी दिसणार नाई."

शेजारची बुढी म्हने, "मंग मी तेल कायले लावलं?"

एका भिंगानं काढला, ते उतरवलं, दुसरं लावलं. "हालू नको."

पोट्टी म्हने, "मी नाई हालून राह्यली, बकरी हालून राह्यली."

"तिले हालू दे. ते पुसूनच जाते."

आठ दिवसानं मास्तरजवळ फोटो आले. नव्या भिंगाच्या फोटोत पोट्टीच्या मांगं सारं कालवलेलं, निरी आंबील. ना भित, ना गवत. जुन्या भिंगाच्या फोटोत वेलातून ऊन पडलं होतं त्याच्या गोल गोल बांगड्या झाल्या होत्या, आन् एकेक काडी, एकेक दोरी दोन-दोनदा उमटली होती. मास्तर म्हने, साळ्यानं सांगतलं, नवं चांगलं, जुनं बेकार.

शेजारची बुढी फोटोत सोताले पाहून राह्यली होती. "हा काळा ठिपका मी हाये."

मी म्हनलं, "ते बकरी हाय."

मी आंबीलवाला फोटो माह्या भावाजवळ देऊन दुसऱ्या एका पोराच्या घरी धाडला. भाऊ तो वापस घेऊन आला. "पोराची माय म्हनते, हा पडद्यासमोरचा फोटो हाय. अशी कोनीही उभी राह्यते. पोट्टी कोण्या घरची, घरी जाळं हाय का नाई, ते दिसलं पाहिजे."

आमच्या मासोळ्या धरणाऱ्या लोकाइत पोट्टीले पयले तेच इचारतात, जाळं विणता येते का. घर लपवाच्या नादात मीनं जाळंही पुसून टाकलं होतं. मंग करतो काय, बांगड्यावाला फोटो धाडला. चवथ्या दिवशी निरोप आला, पाहाले येतो.

पोराची माय सोता आली. पाणी ठेवलं ते प्याली नाई. घराच्या मांगून एक चक्कर मारून आली. मले वाटलं, गवत पाह्यलं, गेली हेही सोयरीक.

ती म्हने, "बाई, दुसरं जाळं कुठी हाय?"

"कोणतं दुसरं?"

तिनं पदराच्या गाठीतून फोटो काढला. आन् खरंच, ताटीवर दोन जाळे होते, एकाले लागून एक. त्याइच्या घरी साऱ्याइनं मोजले होते. बाप नाई तरी घरी दोन जाळे, म्हनजे पोट्टी कामाची हाय.

दुसरं जाळं भावाकडं देल्लं म्हनून सांगता आलं असतं. जिभीवर आलंही होतं. पन पोट्टी तिच्या घरी जाणार, मी नाई. मीनं सांगतलं, "जाळं एकच हाय. फोटोवाल्याच्या जुन्या भिंगानं दोन केले."

तिनं फोटोतल्या पोट्टीवर बोट ठेवलं. मंग म्हने, "पोट्टी तं एकच हाय ना?"

"एकच हाय."

ती उठली, ताटीपाशी गेली, जाळ्याच्या एका घरात अंगठा घातला आन् जोरानं ओढला. गाठ सरकली नाई. दुसऱ्या घरात घातला. तेही नाई.

"हे कोनं विणलं?"

अंदरून पोट्टी म्हने, "मीनं."

"दुसरं विणाले किती दिवस लागन?"

"सूत आणून पाहा."

तवा तिनं पाणी मांगतलं. गिलास रिकामा करून माह्यापुढं धरला आन् म्हने, "घ्या विहीणबाई."

लग्नात फोटो काढाले मास्तरच्या साळ्यालेच बलावलं. मी त्याले म्हनलं, "भाऊ, तुमचं जुनं भिंगच चांगलं."

त्याचं तोंड उतरलं. "ते तं मी विकाले काढलं ना, बाई."

शेजारची बुढी बाजूलेच बसली होती. ती म्हने, "थांबा जरा. माही गाय एकच हाय. पयले त्याच भिंगानं तिचा फोटो काढून द्या. पन तिले मांगं उभी करा."